एकाच माणसाचे दोन डोळे

रफसंजान
२० शहरीवर १३७४

ती. एफ्फत आबजी यांस,
धाकट्या जावेचा सादर सलाम. वि. वि.

यदुल्ला भावजींची बस आमच्या फाट्यावर थांबली, तेव्हा मी आमच्या रेहानेला मुद्दाम बरोबर घेऊन गेले होते. त्यांनी घरी सांगितलंच असेल. नसेल तर मी सांगते. बस अजून पेट्रोल पंपापाशी होती, तेवढ्या लांबून रेहानेनं पाटी वाचली. नुसतं तेहरान-केरमान नाही, त्याखालचं बारीक अक्षरातलं गॅरेजचं नावसुद्धा. भावजी खाली उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना रडूच आलं. मी म्हटलं, इथे फाट्यावर रडू नका, आधीच लोकांच्या नजरा वाईट. घरी येऊन तिच्यावरून इस्पंद ओवाळून जाळला, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

पिस्त्याची तोडणी जोरात आहे. अंगणात साल काढायचं यंत्र दिवसभर घरघरतं, धूळ चहाच्या पेल्यात येते. तुमच्या दिरांना, नसरुल्लांना, जेवायला फुरसत नाही. रेहाने मात्र माझ्या शेजारी बसून पिस्ते निवडते, आणि बंद तोंडाचा दाणा माझ्याआधी तिला दिसतो. ऑपरेशननंतरचे थेंब तर आम्ही उन्हाळ्यातच बंद केले. डोळ्याची काच इतकी लख्ख झालीय, आता थेंब कशाला? शेजारणीची भाची म्हणते की त्या थेंबांनी पुढे मोतीबिंदू होतो.

तुमच्या हेंगामेसाठी रोज दुवा मागते. दोघींचा ऑपरेशनचा दिवस एक, डॉक्टर एक, आणि बघा. ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय. रेहाने म्हणत होती की हेंगामेताईनं डोळा चोळायला नको होता. मी तिला गप्प केलं. लहान आहे, कळत नाही.

या वर्षीचे पहिले पिस्ते पाठवते आहे. हेंगामेसाठी एक काळा चष्माही आहे, केरमानहून मागवला. मोठ्या काचांचा आहे, डोळा पूर्ण झाकतो. म्हणजे लोकांना उगाच विचारायची सोय राहत नाही.

तुमच्या घरी राहिले तेव्हाची तुमच्या हातची घट्ट डाळ-भाजीची आश अजून जिभेवर आहे. माया आहे ती आमच्या विहिरींसारखी आटू देऊ नका.

आपली,
मलीहे


तेहरान
२८ शहरीवर १३७४

चि. सौ. मलीहे-जान हिला,
अनेक आ. वि. वि.

पिस्ते पोचले. तुझे हात कधी न दुखोत. चष्माही पोचला. हेंगामेनं तो लावून आरशात पाहिलं आणि म्हणाली, काकूनं चष्मा नाही, पडदा पाठवलाय. मग तिनं तो बापाला देऊन टाकला. समोरून ऊन आलं की यदुल्ला लावतो. त्याला शोभतो. फाट्यावर रडल्याचं मात्र त्यानं घरी सांगितलं नव्हतं. पोरीसमोर कोणत्या तोंडानं सांगणार?

डोळा चोळायला नको होता, हे रेहानेचं खरं आहे. जागेपणी हेंगामेनं तो कधी चोळला नाही. पण या दोघी बहिणींना लहानपणापासून वसंत आला की डोळ्यांना खाज सुटते, ते तू पाहिलंयस. चोळून चोळूनच डोळ्यावरच्या काचेला कुबड आलं असावं, असं डॉक्टर म्हणाले होते. ती काच, ते पटल, बदललं तरी खाज कुठे बदलते? मी तिचे हात ओढणीनं बांधून तिला झोपवत होते. तरी एका रात्री हात सुटला, एक टाका सैल झाला आणि त्या टाक्याशी जखम पिकली. आता काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग आहे, बरोबर मधोमध. त्या डोळ्यानं तिला उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. नवं पटल बसवावं लागेल म्हणतात. नेत्रपेढीत पुन्हा नाव घातलंय.

हे लिहू नये, तरी लिहिते. ज्याचे ते दोन डोळे होते तो माणूस एकच होता. एक तुझ्या मुलीला मिळाला, एक माझ्या. त्या सकाळी आधी नाव हेंगामेचं पुकारलं होतं. मीच परिचारिकेला म्हटलं की रेहाने पाहुणी आहे, लांबून आलीय, तिला आधी न्या. डॉक्टर म्हणतात, दोन्ही पटलं सारखीच होती, आधी आणि नंतर यात काही नाही. ते शिकलेले आहेत, त्यांचं बरोबरच असेल. मी मात्र भांडी घासताना ती सकाळ पुन्हा पुन्हा मांडते, आणि दर वेळी हेंगामेला आधी पाठवते.

आता थेंबांचं. शेजारणीची भाची म्हणते ते अगदीच खोटं नाही, म्हणून तर डॉक्टर तपासून तपासून थेंब कमी करतात. पण आपल्या मनानं बंद करायचे नाहीत हे त्यांनी बजावून सांगितलं होतं. तू तेव्हा बाजारात गेली होतीस. परकं पटल आहे, शरीराला ते कधीही खटकू शकतं म्हणे. डोळा लाल झाला, उजेड टोचायला लागला, दुखलं किंवा धुरकट दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मोठी म्हणून सांगितलं. राग मानू नकोस.

रेहानेचा पापा. तुझ्याकडची सुखं तुलाच लाभोत, आणि थोडी वाट चुकून आमच्याकडेही येवोत.

तुझी,
एफ्फत


रफसंजान
९ मेहर १३७४

ती. एफ्फत आबजी यांस,
सादर सलाम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग म्हटलं, दुखऱ्या जिवाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. रेहानेला आधी न्या असं मी तुमच्याकडे मागितलं नव्हतं. तुम्ही पाहुणचार केलात आणि आता त्याचा हिशेब पत्रातून पाठवताय. असू दे. थेंबांचं म्हणाल तर आमच्या पोरीच्या डोळ्यात काही दोष नाही. देवानं दिलेल्या चांगल्याला रोज औषध पाजून आपणच आजारी कशाला पाडायचं?

आता गोड बातमी. रेहानेला मागणी आलीय. मुलाचं नाव बेहझाद, केरमानला शेतकी शिकला, इथेच सरकारी रोपवाटिकेत आहे. त्यानं तिला माझ्या बहिणीच्या घरी पाहिलं. त्याची आई येऊन चहा पिऊन गेली. मोठी चौकस बाई. पेला धरायची रेहानेची रीत पाहिली, केस पाहिले, पावलं पाहिली. डोळे तर तिला इतके आवडले की दोनदा म्हणाली, हरणासारखे आहेत. मी मान खाली घालून हसले. ५ आबानला, शुक्रवारी संध्याकाळी, होकाराचा समारंभ ठरलाय.

इथे तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते तुम्ही समजून घ्याल. ऑपरेशनचं आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. सांगू, पुढे सांगू, पोरगी त्यांच्या घरात रुजली की. तोवर भावजींनी बसथांब्यांवर कुणाशी बोलू नये. त्यांचा स्वभाव मोकळा आहे, ड्रायव्हर मंडळींत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

तुम्ही दोघं समारंभाला हवेतच. मोठे दीर-जाऊ नसले तर लोक काय म्हणतील? हेंगामेला मात्र एवढा प्रवास झेपेल का, याचा विचार करा. धूळ फार आहे. आणि तिच्या डोळ्याकडे पाहून कुणी काही विचारलं, घराण्यातलं आहे का म्हणाले, तर तिलाच अवघडल्यासारखं होईल. मी तिच्याच भल्यासाठी म्हणते.

खजूर भरलेल्या कोलोंपे पाठवते. नव्या तुपातल्या आहेत. धाकटीचं चुकलं तर पोटात घालावं.

आपली,
मलीहे


तेहरान
१४ मेहर १३७४

चि. सौ. मलीहे हिला,
आ. वि. वि.

रेहानेचं शुभ होवो. यदुल्ला कुणाशी बोलणार नाही. त्याला सांगितलं तेव्हा तो नुसता उठून अंगणात गेला.

हेंगामेला प्रवास झेपणार नाही, हे तू बरोबर ओळखलंस. तिला एकटी टाकून मलाही निघता यायचं नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. तिनं ते स्वतः वाचलं, चांगल्या डोळ्यानं, खिडकीशी धरून. कोलोंपे तिनं खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

तुझ्या घरचा आनंद तुझ्या घरी राहो.

एफ्फत


रफसंजान
१ आबान १३७४

प्रिय हेंगामेताई,
स. स. वि. वि. (सप्रेम सलाम. तू मोठी, तुला कोणता मायना लिहायचा ते मला अजून धड येत नाही, हसू नकोस.)

हे पत्र मी यदुल्ला काकांच्या हातात चोरून देणार आहे. आईला कळता कामा नये, आणि तू एफ्फत काकूलाही सांगू नकोस.

तू माझ्यावर रागावली असशील. आईनं काय लिहिलं ते मला नंतर कळलं. डोळा चोळण्याबद्दल मी जे बोलले तेही तिनं लिहून टाकलं. मी ते तुला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तुझं बिघडलं त्याला काही कारण असलं, तर माझं बिघडणार नाही, असं मनाला समजावत होते.

ताई, माझा डोळा परवापासून लाल आहे. आई म्हणते, पिस्त्याच्या सालीची धूळ. ती सकाळ-संध्याकाळ कोमट चहाच्या पाण्यानं धुते. पण धूळ गेल्यासारखी वाटत नाही. खिडकीचा पडदा बाजूला केला की कांदा चिरल्यासारखं पाणी येतं. आणि आज सकाळी चहाच्या वाफेमागून बघावं तसं दिसत होतं, फक्त समोर चहा नव्हता. मी आईला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, शुक्रवार होऊ दे, लग्नाच्या मुलींना धडधड होते, त्यात डोळेही येतात. मग तिनं मला सुरमा लावायला आणला. मी लावला नाही.

तुझं सुरू झालं तेव्हा तुला काय काय झालं होतं, ते लिहून पाठव. तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू? बेहझादबद्दलही तुला सांगायचं होतं. तो बोलताना फार अडखळतो, मला आवडला. पण ते पुढच्या पत्रात.

तुझ्या पायांची धूळ,
रेहाने


तेहरान
४ आबान १३७४

मलीहे,
आ. वि. वि.

काल शेजारच्या अशरफ-खानूमच्या घरून मी तुला फोन केला. तुझ्या घरात बायका जमल्या होत्या, तिळाचे लाडू वळायचं चाललं होतं, मागून हसणं ऐकू येत होतं. मी विचारलं की रेहानेचा डोळा लाल आहे का, तर तू आधी विचारलंस की हे मला कुणी सांगितलं. मी म्हटलं, तिला आजच्या आज केरमानला ने. तेव्हा तू आवाज खाली केलास आणि म्हणालीस की स्वतःच्या पोरीच्या डोळ्यानं माझं पोट भरलं नाही, म्हणून आता तुझ्या पोरीच्या डोळ्यावर टपलेय. होकाराच्या दोन दिवस आधी मुलीला दवाखान्यात पाठवून सोयरीक मोडायची, हा माझा बेत आहे, असंही म्हणालीस. आणि फोन ठेवलास. अशरफ-खानूमनं मला पाणी दिलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

मलीहे, मी जळते. तुझी पोरगी फाट्यावर उभी राहून पाटी वाचते हे तू लिहिलंस, तेव्हा त्या पत्राचा बोळा करून चुलीत टाकावा असं मला वाटलं. तेव्हा जळते हे तू ओळखलंस, त्यात तुझी चूक नाही. पण जळणाऱ्यालाच धूर आधी ओळखू येतो. जे रेहानेला होतंय ते धुळीनं होत नाही.

रेहानेनं हेंगामेला लिहिलं होतं. रागावू नकोस तिच्यावर. हेंगामेनं पत्र वाचलं, घडी घातली, चहा केला, सगळ्यांना दिला. तिला काय झालंय हे मला कळेना. मग ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, आई, तिचाही डोळा पांढरा झाला तर आमची दोघींची तुलना तरी थांबेल. मी तिला मारायला हवं होतं. हात उचललाच नाही, कारण हाच विचार मी माझ्या मनातून नुकताच हाकलला होता. मग तिनंच पत्र माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, की अशरफ-खानूम घरी असेल का, फोन करायचा आहे.

आता हे पत्र घेऊन येते आहे ती हेंगामेच आहे. बापाच्या बसमध्ये ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून येईल आणि शुक्रवारी सकाळी फाट्यावर उतरेल. तिला तू बोलावलं नव्हतंस हे तिला ठाऊक आहे. दारातून परत पाठवायची असेल तर पाठव, पण आधी तिला रेहानेचा डोळा पाहू दे. मला नको मानूस. तिला मान.

एफ्फत


केरमान
८ आबान १३७४

ती. एफ्फत आबजी यांस,
सलाम. वि. वि.

इथे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. हेंगामे आत रेहानेपाशी आहे. दर तासाला थेंब घालायचे असतात, आणि ती मला घालू देत नाही. म्हणते, काकू, तुमचा थेंब गालावर पडतो.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात सडा घालत होते. दार वाजलं, उघडलं, तर समोर हेंगामे. डोळ्यावर काहीच नाही, ना चष्मा ना रुमाल. माझ्या मनात पहिला विचार आला तो तुम्हाला लिहिण्यासारखा नाही. तिनं सलाम केला, तुमचं पत्र दिलं, पाणी मागितलं, प्यायली, आणि मी काही बोलायच्या आत रेहानेच्या खोलीत गेली. तिला बसवलं, चांगल्या डोळ्यावर हात ठेवायला लावला आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं. रेहाने म्हणाली, घड्याळ कुठे आहे?

तरी मी ऐकलं नाही, आबजी. मी म्हटलं, आजची संध्याकाळ जाऊ दे, उद्या पहाटेच निघू, मी शब्द देते. हेंगामेनं माझा हात धरला, मला उजेडात नेलं आणि स्वतःच्या डोळ्याकडे बघायला लावलं. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. पाहायचं टाळतच होते. ती म्हणाली, काकू, माझं दुखायला लागलं तोही शुक्रवार होता. आमच्याकडे पाहुणे यायचे होते, आई म्हणाली, उद्या पहाटेच जाऊ. आम्ही पहाटेच गेलो होतो.

हे तुम्ही मला कधी लिहिलं नाहीत.

मी नसरुल्लांना हाक मारली. गाडीत पोती होती, ती त्यांनी तशीच अंगणात उतरवली. आम्ही निघतो तोच बेहझादची आई मिठाईची ताटं ठेवायला लवकर आली. तिनं रेहानेचा लाल डोळा पाहिला, मग हेंगामेचा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, तिथेच दारात, ऑपरेशन, पटल, सगळं. ती म्हणाली, देव बरं करो, आपण नंतर बोलू. ताटं घेऊन गेली.

इथल्या डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला. बघून म्हणाले, शरीर पटलाला नाकारायला लागलंय. थेंब कोणी बंद करायला सांगितले, असं त्यांनी विचारलं. रेहाने म्हणाली, मीच कंटाळले होते. माझ्या पोरीनं माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी ते चालू द्यावं, हेही झालं. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर पटल हातचं गेलं असतं, असं ते म्हणाले. आता बरंचसं वाचेल. पूर्ण वाचेल का, ते सांगत नाहीत.

सोयरीक मोडली असं मी धरून चालले आहे. मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते मला जमत नाही. तुम्हाला दोष द्यावा असं वाटतं, तोही देता येत नाही. फोनवर जे बोलले ते परत घेते. एवढंच आज लिहिता येतंय.

हेंगामेला आणखी आठ दिवस ठेवून घेऊ का? ती जेवते नीट. काल रेहानेला हसवत होती.

मलीहे


तेहरान
२५ फर्वर्दीन १३७५

चि. सौ. मलीहे-जान हिला,
नव्या वर्षाचे अनेक आ. वि. वि.

नवरोजच्या ईदेला तुम्ही आला नाहीत, वाट पाहिली. तुमच्याकडचं हवामान कसं आहे? पिस्त्याला मोहोर आला का? यदुल्लाची कंबर धरली होती, आता बरी आहे.

हिवाळा सरता सरता हेंगामेला दुसरं पटल मिळालं. ऑपरेशन झालं. बरी आहे. यंदा खाजेचं औषध आधीपासूनच चालू ठेवलंय.

रेहानेची तब्येत कळव. डोळ्याचा दाब तपासता ना? बाकी विशेष काही नाही.

तुझी,
एफ्फत


रफसंजान
२ ओर्दीबेहेश्त १३७५

ती. एफ्फत आबजी यांस,
सादर सलाम. वि. वि.

बाकी विशेष काही नाही, असं तुम्ही लिहिलंत. आणि काल फाट्यावर भावजी भेटले, त्यांच्याकडून विशेष ते सगळं कळलं. हेंगामे त्यांना न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्र वाचून दाखवते. नव्या डोळ्यानं, दुसरा मिटून. डॉक्टरांनी तिला विद्यार्थ्यांपुढे बसवलं आणि म्हणाले की इतकं स्वच्छ पटल क्वचित पाहायला मिळतं. हे सांगताना भावजींचा आवाज कसा झाला होता, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही माझ्यापासून का लपवलंत? मला ऐकवणार नाही असं वाटलं का?

नाही ऐकवलं. मी घरी आले, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि तांदूळ धुवायला घेतले. धूतच राहिले. आपली हेंगामे बरी झाली, हे मनाशी म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मागून दुसरं काहीतरी आलं. माझी रेहाने आधी बरी झाली होती. पाटी तिनं आधी वाचली होती. आता तिच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर दुधाच्या सायीसारखा पातळ पडदा राहिलाय, आणि इथले डॉक्टर म्हणतात, तो बहुधा राहीलच. मोठी अक्षरं वाचते, बारीक नाही. जिनं माझ्या पोरीचा डोळा वाचवला तिचाच डोळा मला बघवत नाही. मी कसली बाई आहे?

रेहानेला हे काही होत नाही. तिला बातमी सांगितली तर ती उठून नाचली. या दोघी रोज एकमेकींना काय लिहितात देव जाणे, मला दाखवत नाहीत. बेहझाद ईदेला एकटाच येऊन गेला. अडखळत अडखळत म्हणाला की आईला अजून पटलेलं नाही, पण त्याला तिच्या पटायची घाई नाही, तो थांबेल. रेहानेनं त्याला सांगितलं की मला तू दोन दिसतोस, त्यातला खरा कुठला ते आधी ठरवू दे. तो हसला. मी मात्र हसले नाही.

तुमच्याशिवाय हे कुणाला लिहू? बहिणीला लिहिलं तर ती म्हणेल, तुझ्या पोटात पाप आहे. तुम्ही निदान आश्चर्य तरी करणार नाही.

तुमची,
मलीहे


तेहरान
९ ओर्दीबेहेश्त १३७५

माझी मलीहे-जान हिला,
पोटभर आ. वि. वि.

आश्चर्य केलं नाही. पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. एवढा काळ या तव्यावर मी एकटी बसले होते. सोबत मिळाली.

लपवलं, कारण माझी पोरगी वाचायला लागली हे तुला लिहिताना माझा हात तुझ्या पहिल्या पत्रासारखा चालायला लागला. वाक्यं तशीच गोड येऊ लागली. तीन कागद फाडले. मग बरी आहे एवढंच लिहिलं. तेव्हा तू कसली बाई आहेस असं विचारतेस, तर माझ्यासारखीच. ज्या आयांच्या पोरी एकाच दिवशी एकाच टेबलावर गेल्या, त्यांना दुसरी कसली बाई होता येईल, मला माहीत नाही. त्या शुक्रवारचं तुला कधी लिहिलं नाही, तेही म्हणूनच. तुझ्यासमोर कमी पडायचं नव्हतं.

आता कामाचं ऐक. रेहानेला इकडे आण. आमचे डॉक्टर म्हणतात की साय राहिली तरी टाके काढल्यावर आणि नीट भिंग बसवल्यावर पुष्कळ फरक पडेल; बघितल्याशिवाय शब्द देत नाहीत, पण बघायला तयार आहेत. पुढच्या बुधवारी यदुल्लाची खेप आहे. दोन सीटा त्यानं आजच धरून ठेवल्यात. बेहझादला यायचं असेल तर त्याला मागे उभा राहून येऊ दे, प्रेमाची परीक्षा होईल.

तू येशील तेव्हा हेंगामे मुद्दाम वर्तमानपत्र लपवून ठेवणार होती, मी तिला सांगितलं, ठेवू नकोस. तुझ्या काकूला समोर बसवून वाच. तिला जळू दे, रडू दे, मी शेजारी बसेन. आणि रेहानेची साय उतरली, तिनं बारीक अक्षर वाचलं, की माझी पाळी. तेव्हा मी तांदूळ धुवायला स्वयंपाकघरात जाईन आणि तू मागून येऊन दार वाजव.

लोभ कर, हेवा कर, काय करायचं ते कर. पत्र मात्र गोड लिहू नकोस.

तुझीच जाऊ,
एफ्फत